बधिर बोटाला कळलेली नावं

१

१७ एप्रिल. पहाटेपासून वारा पडलेला. आकाशात ढग नाही. समुद्र परातीत ओतलेल्या तेलासारखा सपाट. माहे बेटाचे डोंगर काल दुपारीच मागे बुडाले. आम्ही समुद्राखालच्या पठाराच्या कडेवर लंगर टाकला तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पाणी बेचाळीस वाव खोल, तळाला प्रवाळ.

'रोझली'वर आम्ही तिघं. तांडेल फुल्बेर माझ्याच शाळेतला, माझ्याच वयाचा. पोटाचा घेर तेवढा माझ्या दुप्पट. ओनेझीम डाव्या बाजूचा दोर आणि चूल सांभाळतो. गेल्या वर्षी लग्न झालं तरी तोंडाला कुलूप लागलेलं नाही. आणि मी, एव्हारिस्त. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेजवळची उजवी जागा माझी. पठारावर बूर्झ्वा माशासाठी पहिला दोर नेहमी तिथूनच पडतो.

आमच्या बोटीची एक रीत आहे. गळाला मासा लागला की तो दिसायच्या आत दोर धरणाऱ्याने नाव पुकारायचं. ही गंमत नाही, पुढचं सगळं नावावर ठरतं. झोब आडवा पळतो, त्याला दोर सोडावा लागतो. वियेयला वीतभरही सोडायचा नाही, कपारीत घुसला की गेला. वारावारा लागायला लागले तर बोटच हलवायची, कारण या कडेवरचा वारावारा खाल्लेली माणसं आठवडाभर ओकतात आणि त्यांना थंड पाणी चटका दिल्यासारखं लागतं. आणि बूर्झ्वा असेल तर तिथेच ठाण मांडायचं. त्याच्यासाठीच तर आम्ही इतक्या लांब येतो.

वारावारा आणि बूर्झ्वा दोघेही लाल, दोघेही अंगाने भरलेले. पाण्यात असताना डोळा फसतो. बोट फसत नाही. दोर तर्जनीवरून जातो आणि नाव तर्जनीलाच कळतं.

जानेवारीत एका शार्कने माझ्या दोरासकट धाव घेतली आणि दोर माझ्या उजव्या तर्जनीत हाडापर्यंत उतरला. जखम भरली. बोट वाकतं, उघडतं, गाठ मारतं. पण त्याला काही कळत नाही. मागच्या खेपेला मी लागोपाठ बूर्झ्वा पुकारत गेलो आणि लागोपाठ वारावारा वर येत गेले. माझ्या शब्दावर फुल्बेरने बोट हलवली नाही. सकाळ वाया गेली.

"या खेपेला तीन नावं चुकली, तर पुढच्या खेपेला तू घरी," तो धक्क्यावर म्हणाला होता.

"आणि घरी बसून काय करू?"

"बांबूचे सापळे वीण. सावलीत बसायचं, गप्पा मारायच्या. वाईट काय त्यात?"

"मग तूच वीण की."

"मी विणले असते रे. पण माझी बोटं जाडी आहेत, आणि बोट माझी आहे," फुल्बेर म्हणाला. तो हसला नाही, म्हणून मला कळलं की हे पक्कं आहे.

२

मी दोर मधल्या बोटावर घेतला. घरी दोन महिने अंगणातल्या फणसाच्या फांदीला दोर बांधून सराव केला होता. शेजारीण खिडकीतून विचारायची, "झाड लागलं का गळाला?"

दोराच्या टोकाचं शिसं तळाला टेकलं. मी नेहमीसारखा दोर दोनदा हलका ओढला, थांबलो, मग एकदा लांब ओढला. ही माझी सवय. आमिष प्रवाळात अडकलं नाही ना, हे त्यातून समजतं.

पहिलाच झटका आडवा गेला.

"झोब!"

"झोब आहे की तुमची इच्छा आहे, तोंतों?" ओनेझीम डावीकडून म्हणाला. तो मला काकाच म्हणतो, पण त्या 'तोंतों'मध्ये चिमटा असतो.

मी दोर सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. हिरवट राखाडी झोब चकाकत वर आला. ओनेझीमने लांब दांड्याचा आकडा घातला आणि माझ्याकडे बघून टोपी काढली. मला इतका आनंद झाला की मी तो दडवायला आमिष कापायला घेतलं.

दुसरा मासा जड होता. मधल्या बोटाला माशाच्या डोक्याचे हेलकावे लागले. मी म्हटलं, बूर्झ्वा. वर आला तेव्हा नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत खोल खाच दिसली. वारावारा.

"एक," फुल्बेर सुकाणूच्या खोलीतून म्हणाला. "अजून एक वारावारा आला तर हलू."

ओनेझीमने मासा सोडवून समुद्रात फेकला. या वेळी त्याची टोपी डोक्यावरच राहिली, ते जास्त लागलं.

मी दोर पुन्हा खाली सोडला. तो उतरत असताना घसरून तर्जनीवर आला, सवयीने. मी तसाच राहू दिला, कारण त्या बोटावर दोर असला काय आणि नसला काय.

शिसं टेकलं, आणि तर्जनीला काहीतरी लागलं.

झटका नव्हता. भिंतीच्या पलीकडून कुणी नखाने टकटक करावी तसं. थांबत, ऐकत, पुन्हा. मधलं बोट लावून पाहिलं. दोर मेल्यासारखा लोंबत होता. तर्जनीवर आणला, टकटक होती.

मी गळ वर घेतला. आमिष जसंच्या तसं होतं.

३

मी घाईने निष्कर्ष काढणारा माणूस नाही. इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की शिर जागी व्हायला लागली तर मुंग्या येतील. म्हणजे ही चांगली बातमी असू शकत होती.

मी गळाचं टोक तर्जनीत टोचलं. रक्त आलं, दुखलं नाही. चुलीवरच्या किटलीला बोट टेकवलं.

"तोंतों, भाजेल!" ओनेझीम ओरडला.

कातडी लाल झाली. काही कळलं नाही. मग त्याच्याच बाजूला जाऊन त्याचा दोर तर्जनीवर घेतला. काही नाही. माझ्या जागेवर येऊन माझा दोर पुन्हा खाली सोडला आणि तर्जनीवर घेतला. टकटक.

"इकडे ये जरा. हा दोर धर," मी ओनेझीमला म्हटलं.

त्याने धरला, डोळे मिटले, डोकं तिरकं केलं, जसं काही प्रार्थनेत उभा आहे. "कळलं. हा दोर आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

"चेष्टा नको. काही लागतंय?"

"भूक लागलीये. तुम्ही किटली अडवून बसलात."

मी दोर परत घेतला. टकटक थांबली होती. मग बोटाला एकच जड गिळका लागला, खाली दगडासारखा बसणारा. वियेय असंच घेतो. पण दोर तसाच ढिला. मी मनात पाच मोजायच्या आत दोर खरोखर ताणला गेला.

बधिर बोट वियेय सांगून मोकळं झालं होतं. मधल्या बोटाला मात्र हेलकावा वाटला. मी पन्नाशी उलटलेला, शहाणा माणूस. मेलेल्या बोटाचं कसं ऐकणार?

"बूर्झ्वा!"

ठिपक्यांचा, रुंद तोंडाचा वियेय वर आला.

"दोन," फुल्बेर म्हणाला.

४

बर्फ आणायला मी खणात उतरलो. खरं तर बर्फ पुरेसा होता, मला फक्त कुणाचं तोंड बघायचं नव्हतं.

खण म्हणजे नाळेखालची बुटकी खोली. वाकूनच उभं राहावं लागतं. वरच्या झाकणातून उन्हाचा एक चौकोन बर्फावर पडतो, बाकी काळोख. फळ्यांना मीठ, माशाचं रक्त आणि जुन्या रंगाचा वास. बर्फ वितळताना बारीक तडतडतो. फळीच्या पलीकडे लगेच पाणी.

मी टेकायला उजवा हात फळीवर ठेवला. तळव्याला गारवा लागला. तर्जनीला टकटक लागली.

लंगराची साखळी, मी स्वतःला सांगितलं. साखळी प्रवाळावर घासते आणि तिचा आवाज दोरावाटे अख्ख्या बोटीत फिरतो. हे प्रत्येकाला माहीत आहे. मी कान फळीला लावला. काही ऐकू आलं नाही. मग हात काढला, डावा ठेवला. काही नाही. पुन्हा उजवा.

आता ती नुसती टकटक नव्हती. आधी आडवा झटका, ओढ, सैल, पुन्हा ओढ. झोब. मग थोडं थांबून जड हेलकावे, खाली खाली जाणारे. हा सकाळचा वारावारा. मग एक गिळका आणि दगड. सकाळपासून माझ्या दोरावर जे जे झालं ते त्याच क्रमाने कुणीतरी पुन्हा म्हणत होतं, धडा पाठ करणाऱ्यासारखं.

शेवटी दोन हलके ओढे. थांबणं. एक लांब ओढा.

हा कुठल्याच माशाचा नव्हता. हा माझा होता.

बेचाळीस वाव खाली दोराला बोट लावून कुणीतरी वरचं नाव ओळखत बसलं होतं.

"तोंतों, बर्फ आणताय की बर्फ बनवताय?" वरून ओनेझीम ओरडला. त्याचं डोकं चौकोनात आलं आणि उन्हाचा तुकडा नाहीसा झाला. मी बर्फाची लादी उचलली आणि इतक्या वेगाने वर आलो की गुडघा फुटला.

५

मी फुल्बेरला सांगू शकलो असतो. काय सांगणार होतो? दोन नावं चुकलेला माणूस म्हणणार की तळाला कुणीतरी आहे. त्याने मला सापळे विणायलाही ठेवलं नसतं.

मी जागेवर बसलो आणि दोर तर्जनीवर घेतला. भीती वाटत होती, पण जागा जाण्याची भीती मला जास्त ओळखीची होती.

बोटाला तीन हेलकावे लागले. स्तब्ध. पुन्हा तीन. दोर अजून ढिला.

"बूर्झ्वा," मी म्हटलं.

"अजून लागलाही नाही!" ओनेझीम म्हणाला.

"लागेल."

लागला. पन्नास श्वास होईपर्यंत दोर ओढल्यावर खालच्या निळ्यात लाल ठिपका उमटला, मोठा होत गेला, फुगलेलं पोट तोंडातून बाहेर आलेलं, जसं खोलातून आणलेल्या माशाचं येतं. नाकपुडीजवळ खाच नाही. बूर्झ्वा.

मग दुसरा. मग एक झोब, तोही लागायच्या आधी पुकारलेला. मग पुन्हा बूर्झ्वा. फुल्बेर खोलीतून बाहेर येऊन माझ्या मागे उभा राहिला. त्याने शर्टाची बटणं उघडी टाकली, कमरेवर हात ठेवले, आणि प्रत्येक नावाला तो "हां!" म्हणू लागला, जशी माणसं डॉमिनो खेळताना सोंगटी आपटतात. ओनेझीमने स्वतःचा दोर गुंडाळून ठेवला आणि फक्त माझ्यासाठी आकडा धरला. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. जानेवारीपासून माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं होतं.

"तोंतों, तळाला तुमचं कोणी नातेवाईक राहतं काय?" ओनेझीमने विचारलं.

फुल्बेर पोट धरून हसला. मीही हसलो, पण उशिरा.

जेवायला ओनेझीमने भात, मसूर, तळलेला निरफणस आणि त्याची ती प्रसिद्ध मिरचीची चटणी वाढली. मी लिंबू पिळलं. माझ्या मधल्या बोटावर दोराने कापलेल्या तीन ताज्या चिरा होत्या. रस त्यावरून ओघळला, चटणीही लागली.

झोंबलं नाही.

मी ताट खाली ठेवलं. खिशातून गळ काढला, दोघांकडे पाठ केली आणि मधलं बोट टोचलं. रक्ताचा थेंब आला. दुखलं नाही. अंगठ्याचं टोक टोचलं. दूरवर, दुसऱ्याच्या अंगठ्याला टोचावं तेवढं कळलं.

प्रत्येक नावाबरोबर ते माझ्याकडून थोडं थोडं घेत होतं.

६

"एक शेवटचा दोर," फुल्बेर म्हणाला. "मग उत्तरेला सरकू."

नाही म्हणणं सोपं होतं. गुडघ्याचं निमित्तही होतं. पण माझी दोन चुकली होती, आणि शेवटचा दोर टाळणारा माणूस पुढच्या खेपेला कुणाला हवा असतो?

शिसं टेकलं. या वेळी मी दोन ओढे आणि एक लांब ओढा दिला नाही. तोच इशारा खालून आला.

मग तर्जनीत आडवा झटका. झोब, बोट म्हणालं. सोड. दोर सोड.

दोर ताणला गेला. मी सोडू लागलो. मी दर दहा वावांना लाल धाग्याची खूण बांधतो. चौथी खूण आधीच पाण्यात होती. पाचवी माझ्या हातातून गेली. सोड, बोट म्हणालं. सहावी गेली.

"नाव?" फुल्बेरने विचारलं.

माझं तोंड 'झो' करण्यासाठी उघडलंही होतं. तेवढ्यात माझी नजर पाण्यावर गेली. दोर तिरका नव्हता. झोब आडवा पळतो, दोर लांब जाऊन पाणी चिरतो. हा दोर बोटीच्या कुशीतून सरळ उभा खाली जात होता. पाणी बेचाळीस वाव, आणि साठ वाव दोर उभा खाली गेला होता.

"एव्हारिस्त, नाव!"

मी दोराचा खुंटीला वेढा मारला. ताण लाकडावर बसला, खुंटी करकरली. मधलं बोट लावलं, मुकं. डाव्या हाताची तर्जनी लावली, तिला फक्त ओझं समजलं. तिला मी कधी काही शिकवलेलं नव्हतं. उजवी तर्जनी मात्र आता ठणकत होती, झोब, झोब, सोड, सोड.

लहानपणी वडिलांच्या होडीत माझे दोन्ही हात वल्ह्यांवर असायचे. दोर दातांत असायचा. नावं मी आधी दातांनी शिकलो, बोटांनी नंतर.

मी वाकलो आणि खुंटीच्या पुढचा दोर दातांत धरला.

आधी कवटीत नुसती गुणगुण भरली. मग तिच्यातून वेगळं काही वर आलं. तीन हेलकावे. स्तब्ध. पुन्हा तीन, जड, रागावलेले, खरे. आणि त्याच्या खूप खाली आणखी एक, हलका, शांत दाब. दोर चाचपणारा. वाट बघणारा.

"बूघ्वा!" मी दातांतून ओरडलो.

"काय?"

"तोंतों दोर खातायत!" ओनेझीम म्हणाला.

मी दोर सोडून उभा राहिलो. "बूर्झ्वा! मोठा! आकडा घे!"

"झोबसारखा दोर सोडलास, आणि बूर्झ्वा म्हणतोस?" फुल्बेरने विचारलं. "हे तिसरं आहे. बघ हं."

"बूर्झ्वा!"

मी उजवी तर्जनी मुठीबाहेर ताठ धरली, दोराला स्पर्शही होऊ नये अशी, आणि बाकीच्या बोटांनी ओढायला लागलो. सहावी खूण वर आली. खालून कुणीतरी धरून होतं. ओढत नव्हतं, फक्त सोडत नव्हतं. मी पाय कठड्याला लावले. पाचवी खूण आली. दंड जळत होते, आणि मला ते जळणं हवंहवंसं वाटत होतं, कारण ते माझं होतं, मला कळत होतं. "ये!" मी ओरडलो. "ये वर! बूर्झ्वा आहेस तू!" चौथी. तिसरी. फुल्बेरही ओरडायला लागला. दुसरी.

माथ्यावरच्या उन्हाने पाणी तळघराचं दार उघडल्यासारखं खोलवर उजळलं होतं. लाल रंग दिसला. आधी ठिपका, मग पान, मग मासा. इतका रुंद की ओनेझीमने शीळ घातली.

गळ वर आणि शिसं वावभर खाली, असा माझा दोर असतो. माशाखालचा तो तुकडा मोकळा लोंबायला हवा होता. तो ताठ होता. मी त्याच्यामागे नजर नेली. बोटीच्या सावलीत उजेड जिथे संपत होता तिथे दोर वाकला होता, माझ्या बोटावरून जाताना वाकतो अगदी तसा. तो ज्यावर वाकला होता ते फिकट होतं, वल्ह्यापेक्षा लांब, मध्ये एक सांधा असल्यासारखं. ते हलत नव्हतं. ते लक्ष देत होतं.

मग ते हळूच सरळ झालं, आणि दोर सैल पडला.

ओनेझीमचा आकडा हवेतच राहिला होता. "तोंतों," तो कुजबुजला, "ते खाली..."

"मासा घे."

"पण ते..."

"आधी मासा घे, ओनेझीम!"

त्याने घेतला. आम्ही दोघांनी मिळून तो कठड्यावरून आत ओढला. फळ्यांवर तो धाडकन आपटला आणि त्याची शेपटी ढोल वाजवावी तशी वाजू लागली. फुल्बेर गुडघ्यांवर बसला, अंगठ्याने त्याच्या नाकपुडीपासून डोळ्यापर्यंत चाचपलं. खाच नव्हती. त्याने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की मी माशावरच पडलो.

"दातांनी!" तो ओरडत होता. "हरामखोर, दातांनी!"

७

लंगर उचलून आम्ही उत्तरेला सरकलो. ओनेझीमने त्या दिवशी पुन्हा दोर टाकला नाही. संध्याकाळी माझ्या शेजारी बसून त्याने बराच वेळ स्वतःच्या दोन्ही हातांची बोटं एकेक करून चिमटीत धरून पाहिली. मी हात समुद्राच्या पाण्यात धुतले तेव्हा मधल्या बोटाच्या चिरांना मीठ झोंबलं. ओरडलोच मी. ओनेझीम दचकला, मग हसला.

मासा धक्क्यावर फुल्बेरच्या काट्याला लावला. बूर्झ्वा, चौदा किलो दोनशे. चुकलेली नावं दोन. नाळेजवळची उजवी जागा पुढच्या खेपेला माझ्याकडे.